घरच्या कंप्युटरबद्दल खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरात माझं कंप्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पारोळा, चोपडा, धरणगाव, कधी शिरपूर-शहाद्याहूनही फोन येतात. "भाऊ, मना कंप्युटर अटकी गया," अशी सुरुवात होते, आणि निम्म्याहून जास्त वेळा दुकानापर्यंत यायची गरजच नसते. घरी बसून दहा मिनिटांत होणारं काम असतं. भाड्याचे पैसे आणि अर्धा दिवस वाया जाऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. सगळं विंडोजवाल्या कंप्युटर-लॅपटॉपसाठी आहे. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, ती मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

कंप्युटर फार हळू चालतो. नवा घेऊ का?

आधी रीस्टार्ट करून बघा. "मी तर रोज रात्री बंद करतो," असं सगळे सांगतात आणि ते खरंच असतं. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आहे. शट डाउन केलं की विंडोज आपला गाभा पूर्ण मिटवत नाही. तो डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तिथूनच पुढे चालू करतं. त्यामुळे आत साचलेला गुंता तसाच राहतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू निवडा आणि खाली 'अप टाइम' वाचा. रोज रात्री नेमाने लॅपटॉप बंद करणाऱ्या एका काकूंच्या पडद्यावर तिथे २३ दिवस दिसत होते. रीस्टार्ट केल्यावर त्यांचं काम झालं, मी काहीही केलं नाही.

त्याने फरक पडला नाही तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' बघा. कंप्युटर चालू होताना आपोआप उठणारे प्रोग्राम तिथे दिसतात. प्रिंटरचा मदतनीस, व्हिडिओ कॉलचं ॲप, कधीतरी टाकलेलं डाउनलोडर, यांची सकाळी सकाळी काहीच गरज नसते. एकेकावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. प्रोग्राम उडून जात नाही, तुम्ही उघडाल तेव्हाच उघडतो. ज्याचं नाव ओळखीचं नाही त्याला हात लावू नका.

तरीही हळू असेल तर परफॉर्मन्समध्ये 'डिस्क'वर नजर टाका. काही न करताही आकडा सतत १०० टक्क्यांजवळ असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष बहुधा तिचाच. ती काढून एसएसडी (आत काहीही न फिरणारी, फार वेगवान डिस्क) बसवली की सात-आठ वर्षांचा कंप्युटरही पुन्हा वापरण्याजोगा होतो. नव्या मशीनच्या किमतीपुढे हा खर्च फार थोडा आहे, आणि मी दुकानदार असूनही आधी हेच सुचवतो.

सी ड्राइव्ह लाल झालाय. काय काढू?

सी ड्राइव्हमधली विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स ही फोल्डरं हाताने कधीच उडवू नका. विंडोजचं बटण धरून आय दाबा, सिस्टिममध्ये स्टोरेज उघडा. कशाने किती जागा खाल्ली ते तिथे कळतं. 'टेम्पररी फाइल्स'मधलं बहुतेक सगळं काढता येतं, पण त्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. त्यावर खूण करण्याआधी ते फोल्डर एकदा डोळ्यांखालून घाला, कारण कितीतरी घरांत दहावीच्या मार्कशीटपासून कर्जाच्या कागदापर्यंत सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं.

विंडोज १० बंद झालं म्हणतात. माझा कंप्युटर चालू राहील का?

चालू राहील. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत घेता येते. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. तुमच्या मशीनला ते चालेल की नाही हे मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' फुकट सांगतं. चालणार नसेल तर अटींना बगल देऊन विंडोज ११ टाकून देणारे भेटतात. बँकेचं काम त्या कंप्युटरवर होत असेल तर मी तो सल्ला देत नाही. इंटरनेट, पत्रं, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी कार्यप्रणाली टाकून घ्या. फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं आणि मेनू मराठीत करता येतो. पण त्याआधी आपला प्रिंटर आणि स्कॅनर त्यावर चालतो का ते तपासा.

मराठी टायपिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं?

कुठलंच नाही. ते विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज' उघडून मराठी भाषा जोडा. तिच्या पर्यायांत दोन कीबोर्ड मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांनी उच्चार लिहिला की मराठी शब्द समोर येतो. मोबाइलवर तसं लिहायची सवय असलेल्यांना तो लगेच जमतो. इनस्क्रिप्टमध्ये प्रत्येक बटणाला ठरलेलं अक्षर असतं. आठ-पंधरा दिवस हात अडखळतो, पण पानंच्या पानं लिहायची असतील तर इनस्क्रिप्टच शिका. इंग्रजी आणि मराठीत ये-जा करायला विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा.

'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र अनेकांना सापडत नाही आणि ते 'दुसर्या' लिहून सोडून देतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग तिरक्या रेघेचं बटण. झाला 'ऱ्य'.

टायपिंग अजिबात नको असेल तर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडा, टूल्समध्ये 'व्हॉइस टायपिंग' निवडा आणि भाषा मराठी करा. बोलाल ते उमटतं. विरामचिन्हं मात्र नंतर हाताने घालावी लागतात. अर्ज, पत्रं, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त यासाठी आमच्याकडचे कितीतरी आप्पा-नाना आता हेच वापरतात.

जुन्या फाइलमधलं मराठी आता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतं. फाइल खराब झाली का?

खराब झालेली नाही. हे मी स्वतः सोसलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. आईला तिची कितीतरी गाणी पाठ होती. तिच्या शेजारी बसून मी ती एकेक करून कंप्युटरवर उतरवली होती, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे जुन्या मराठी फॉन्टमध्ये. पुढे आई गेली, कंप्युटर बदलले. एका श्रावणात बहिणीने गाणी मागितली म्हणून फाइल उघडली, तर आठ पानं नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. एक शब्द वाचता येईना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण असं की शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये कंप्युटर आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो. त्या अक्षरांवर फॉन्ट देवनागरीचं चित्र चढवतो. फॉन्ट काढला की चित्र गेलं, आत असलेली अक्षरं उघडी पडली. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फाइल कुठल्याही मशीनवर, मोबाइलवर वाचता येते.

आधी मूळ फाइलची प्रत काढून बाजूला ठेवा. मग फाइल वर्डमध्ये उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव वाचा. फॉन्ट मशीनमध्ये नसला तरी नाव तिथे दिसतं. तोच फॉन्ट मिळवून टाकला तर मजकूर लगेच वाचता येतो. नंतर त्या फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर वापरून मजकूर बदलून घ्या. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असते, म्हणून कन्व्हर्टर नेमका त्याच फॉन्टचा हवा. बदलल्यानंतर ओळ न् ओळ वाचा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं इथे हमखास घोळ होतो. मला आठ पानांना दोन संध्याकाळी लागल्या. 'ज्योत' कुठे मोडली, 'सूर्य'चा रफार कुठे सरकला, ते आईच्या आवाजात आठवून दुरुस्त केलं. आज ती गाणी बहिणीच्या मोबाइलवर आहेत.

जुन्या फॉन्टमध्ये घरी काही असेल तर जोवर टायपिंग करणारं माणूस आणि ऐकवणारं माणूस दोन्ही आहेत, तोवर हे काम उरकून घ्या.

अहिराणीसाठी वेगळा कीबोर्ड लागतो का?

नाही, मराठी कीबोर्डवर सगळं लिहिता येतं. इनस्क्रिप्ट वापरा, कारण फोनेटिक कीबोर्ड अहिराणी शब्दांना ओढून मराठी करू पाहतो. वर्डमध्ये शब्दाशब्दाखाली लाल रेघा आल्या तर चूक तुमची नसते, कोशात तो शब्द नसतो इतकंच. रिव्ह्यूमध्ये 'लँग्वेज'मध्ये जाऊन त्या मजकुरापुरती शुद्धलेखन तपासणी बंद करा.

लाइट गेली आणि लिहिलेलं सगळं गेलं. परत मिळेल का?

पुष्कळदा मिळतं. वर्ड पुन्हा उघडा, डावीकडे 'डॉक्युमेंट रिकव्हरी' दिसली तर त्यातली शेवटच्या वेळेची प्रत उघडून लगेच सेव्ह करा. दिसली नाही तर फाइल, इन्फो, 'मॅनेज डॉक्युमेंट', 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' या वाटेने शोधा.

वर्ड ठरावीक अंतराने स्वतः प्रत ठेवतं, पण हे अंतर मुळात १० मिनिटांचं असतं. आपल्याकडच्या लाइटीला दहा मिनिटं फार झाली. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन ते २ मिनिटं करा. कोरी फाइल उघडल्याबरोबर, पहिला शब्द लिहायच्या आधी, नाव देऊन सेव्ह करण्याची सवय लावा. मग दर परिच्छेदाला कंट्रोल-एस.

डेस्कटॉपला यूपीएस हवाच. तो दहा-पंधरा मिनिटं देतो, तेवढ्यात फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करता येतं. विंडोजचं अपडेट चालू असताना लाइट गेली तर विंडोजच उघडेनासं होऊ शकतं. म्हणून 'अपडेट अँड रीस्टार्ट' दुपारी भारनियमनाच्या वेळेला दाबू नका.

आणि मे महिना. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा लॅपटॉप आपणहून मंदावला तर व्हायरस शोधत बसू नका. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, कूलरच्या ओल्या झोतापासून लांब.

ऑनलाइन अर्जासाठी फोटो ५० केबीच्या आत कसा आणायचा?

मोबाइलचा फोटो काही एमबीचा असतो, म्हणून संकेतस्थळ तो नाकारतं. फोटो पेंटमध्ये उघडा. आधी नको तो भाग कापा, कारण नुसता कापूनच निम्मा आकार उतरतो. मग कंट्रोल-डब्ल्यू दाबा, पिक्सेल निवडा, अर्जात सांगितलेली रुंदी लिहा आणि 'सेव्ह ॲज'मधून जेपेग म्हणून नव्या नावाने ठेवा. त्याच नावाने ठेवलात तर मूळ मोठा फोटो कायमचा जातो. सहीचंही असंच, पण सही आधी पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने करून उजेडात फोटो काढा.

आकार कमी करून देणारी संकेतस्थळं खूप आहेत. तिथे आधार किंवा पासबुक चढवू नका. घरच्या पेंटमध्ये होणारं काम परक्याच्या हाती कशाला?

डिजिटल सातबारा डाउनलोड केला, पण सहीवर प्रश्नचिन्ह दिसतं. तो खोटा आहे का?

खोटा नाही. १५ रुपये भरून महाभूमीच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या उताऱ्यावर डिजिटल सही असते. ती कोणी दिली हे तुमच्या कंप्युटरला अजून माहीत नसतं, म्हणून प्रश्नचिन्ह. उतारा ॲडोबी रीडरमध्ये उघडा, कारण ब्राउझरमध्ये सही तपासली जात नाही. सहीवर राइट क्लिक करून तिचे गुणधर्म उघडा, सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र दाखवणाऱ्या बटणावर जा, 'ट्रस्ट' या भागात ते विश्वासू यादीत घाला आणि सही पुन्हा तपासायला सांगा. हिरवी खूण येते. हे मात्र अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः उतरवलेल्या फाइलसाठीच करा. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेल्या उताऱ्याच्या प्रमाणपत्रावर डोळे झाकून विश्वास टाकू नका.

ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते तोही इथेच सांगतो: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष, मध्ये जागा न सोडता.

एक्सेलमध्ये हिशेबाची बेरीज चुकते. गट नंबरची तारीख होते. असं का?

केळीच्या हिशेबाच्या शीटवर हा प्रश्न मला रावेर-यावलकडून नेहमी येतो. बेरीज चुकण्याचं कारण बहुधा एकच असतं: चौकटीत '१८.५ किलो' लिहिलेलं. एककाचा शब्द लागला की एक्सेलच्या लेखी तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि बेरजेत तो निमूट वगळला जातो. चूक दाखवली जात नाही, म्हणून लक्षातही येत नाही. 'किलो', 'क्विंटल', 'रुपये' हे शब्द वरच्या मथळ्यात लिहा, खाली नुसते आकडे.

गट नंबर १२/२ लिहिला की एक्सेल त्याला फेब्रुवारीची तारीख समजतं. एका नातेवाइकाच्या ठिबकच्या यादीत सहा जणांचे गट नंबर असे तारखा होऊन छापले गेले आणि कागद परत आले. तारीख झाल्यावर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, तेव्हा भलताच पाच अंकी आकडा दिसतो. लिहिण्याआधी तो पूर्ण रकाना निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा, किंवा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्या. आधार नंबर, खाते क्रमांक, शून्याने सुरू होणारे आकडे, सगळ्यांना हाच नियम. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा अचूक धरतं, पुढच्या जागी शून्यं टाकतं. लांबलचक खाते क्रमांकात हे घडलं तर पैसे अडकतात.

ऑफिसचं क्रॅक टाकलं तर काय बिघडतं?

क्रॅक म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची चोरवाट. ते चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच उत्तर आहे. घराचं दार उघडं ठेवून अनोळखी माणसाला चावी द्यायची, आणि त्याच घरात नेट बँकिंग करायचं. लिबरऑफिस पूर्ण फुकट आहे, मराठी मेनूसह मिळतं, वर्ड-एक्सेलच्या फाइली उघडतं. घरगुती पत्रं आणि हिशेब त्यात आरामात होतात.

कोपऱ्यात सारखं येतं, 'तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस आहे.' काय करू?

त्यावर क्लिक करू नका. कुठल्यातरी संकेतस्थळावर 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं आणि ते संकेतस्थळ सूचना पाठवत राहतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' उघडा आणि परवानगी मिळालेली अनोळखी नावं काढून टाका. मग विंडोजमधलंच डिफेंडर हे अँटिव्हायरस चालवून पूर्ण तपासणी करा. घरगुती वापराला ते पुरतं.

पडद्यावर फोन नंबर दाखवून 'ताबडतोब कॉल करा' म्हटलं असेल तर ती फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्ट अशा संदेशात फोन नंबर देत नाही. कोणी फोनवरून एनीडेस्कसारखं, दुरून तुमचा कंप्युटर चालवू देणारं ॲप टाकायला लावलं आणि तुम्ही टाकलंत, तर पहिलं काम इंटरनेट तोडणं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. लाजेने गप्प बसू नका. शिकलेली, जाणती माणसं रोज यात अडकतात.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावला की डेटा संपतो.

वायफायच्या यादीत त्या हॉटस्पॉटचे गुणधर्म उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मोठे अपडेट थांबतात. घरी वायफाय मिळालं की मग ते होऊ द्या.

फोटो आणि कागदपत्रं कुठे ठेवली म्हणजे जाणार नाहीत?

कुठल्याही एका ठिकाणी ठेवलेली जाऊ शकतात. हार्ड डिस्क टक-टक आवाज करत असलेला कंप्युटर घेऊन लोक येतात, लहानग्याच्या बारशापासूनचे फोटो त्यातच असतात, आणि मला पहिला प्रश्न विचारावा लागतो, "दुसरी प्रत आहे का?" नसते. तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

तीन प्रती ठेवा. एक कंप्युटरमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. गुगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, पण जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून तेवढे. महत्त्वाच्या कागदपत्रांना ते भरपूर आहेत, व्हिडिओंना नाहीत. मुलगा-मुलगी पुण्या-नाशकाला असेल तर दिवाळीत घरी आल्यावर एक डिस्क भरून सोबत द्या, पुढच्या दिवाळीत ताजी करा. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, वर्षानुवर्षं साठवायला नाही.

एक सापळा ध्यानात ठेवा. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणूक, अनेकदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची फोल्डरं आपल्याकडे ओढून घेतं, फुकटचे ५ जीबी भरले की 'जागा संपली' म्हणून ओरडतं. घाबरून लोक तिथल्या फाइली उडवतात आणि त्या कंप्युटरवरूनही जातात, कारण ती दुसरी प्रत नसतेच, तीच फाइल दोन ठिकाणी दिसत असते. असं झालं असेल तर वनड्राइव्हच्या संकेतस्थळावर रिसायकल बिन बघा, तिथे ३० दिवस फाइली राहतात.

जुना कंप्युटर विकायचा आहे. फाइली डिलीट केल्या की पुरे ना?

पुरे नाही, साध्या डिलीट केलेल्या फाइली परत काढता येतात. आधी सगळं दुसरीकडे उतरवा आणि उतरवलेल्या फाइलींतल्या पाच-सहा उघडून बघा. मग सेटिंग्जमध्ये 'रिकव्हरी', 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढच्या पर्यायांत 'क्लीन डेटा' चालू करा. जुन्या हार्ड डिस्कवर याला कित्येक तास लागतात, म्हणून यूपीएस जोडलेला ठेवा आणि रात्री लावून झोपा. कंप्युटर चालूच होत नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि उरलेला सांगाडा विका.